बुजवलेल्या गोदीचा हिशेब

पी. डिमेलो रोडवरून बसने जाताना डाव्या-उजव्या बाजूला काय आहे, हे बहुतेक मुंबईकरांना सांगता येत नाही, कारण समुद्राच्या बाजूला दिसते ती फक्त भिंत. त्या भिंतीपलीकडे प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक अशा दोन गोद्या होत्या. एकीचं पाणी ३० एकर, दुसरीचं २५. या शतकात, कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून, दोन्ही गोद्या भराव घालून बुजवल्या गेल्या. पन्नासहून जास्त एकर पाणी शहरातून गेलं आणि शहरात त्याची फारशी चर्चा झाली नाही. भिंतीमुळे ते पाणी कुणी पाहिलंच नव्हतं, मग गेल्याचं दुःख कुणाला होणार?

मला होतं. माझे वडील त्या गोद्यांमध्ये टॅली क्लार्क, म्हणजे माल मोजणारे कारकून होते, त्यांचे वडील तिथे हमाल होते, आणि मी स्वतः जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे काढण्याचं काम करते. तिन्ही कारणांनी हा विषय मला सोडत नाही.

गोदी म्हणजे नुसता धक्का नव्हे, हे आधी सांगायला हवं. मुंबईच्या समुद्राला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. पूर्वी मोठी जहाजं मधल्या खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि त्यांच्यावरचा माल पडावांत, मछव्यांत उतरवून वेगवेगळ्या बंदरांना आणावा लागायचा. ओहोटीला चिखल उघडा पडला की काम थांबलं. गोदीने हे बदललं. भरतीला दरवाजे उघडायचे, जहाज आत घ्यायचं, दरवाजे लावून पाणी आत कोंडायचं. बाहेर समुद्र कितीही खाली जावो, आतलं जहाज धक्क्याला लागून तरंगत राहतं, यारीने, म्हणजे क्रेनने, सरळ शेडच्या दारात माल उतरतो. ससून कंपनीने कुलाब्याला १८७५ मध्ये अशी गोदी बांधली आणि तिथे पैसा आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्येच स्थापन झाला होता. १८७५ मध्ये इंग्लंडचा युवराज इथे आला, त्याच्या हस्ते नव्या गोदीचा पाया घातला गेला, म्हणून नाव प्रिन्सेस, म्हणजे 'प्रिन्सची', डॉक. १८८० च्या पहिल्या दिवशी ती सुरू झाली. व्हिक्टोरिया त्यानंतर, १८८८ मध्ये. मग १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, जिला आपण आज इंदिरा डॉक म्हणतो. ती अजून चालू आहे.

प्रिन्सेस डॉक खणताना एक विलक्षण गोष्ट सापडली होती. चिखलाच्या थराखाली एक अख्खं जंगल होतं. खैराची तीनशेहून अधिक झाडं, त्यातली कितीतरी मुळांसकट उभी. म्हणजे जिथे जहाजं तरंगणार होती तिथे कोणे एके काळी कोरडी जमीन होती, तिच्यावर झाडं वाढली होती आणि मग ती जमीन खचून समुद्राखाली गेली होती. अलेक्झांड्रा डॉक खणतानाही असे बुंधे सापडले. हे आज आपल्याला माहीत आहे, कारण कामावरच्या इंजिनियरने खणणं थांबवून झाडं मोजली, उभी किती आणि आडवी किती ते लिहून ठेवलं, आणि ते छापलं गेलं. त्याचं काम गोदी बांधायचं होतं. झाडं मोजली नसती तरी त्याला कुणी जाब विचारला नसता.

माझं म्हणणं इतकंच आहे की खणताना जे केलं गेलं, ते बुजवतानाही व्हायला हवं. आणि ते सगळ्यांना बघता येईल असं व्हायला हवं.

बाबा १९६६ मध्ये गोदीत लागले. ते दुष्काळाचं वर्ष होतं, अमेरिकेचा गहू जहाजं भरभरून येत होता. टॅली क्लार्कचं काम म्हणजे जहाजाच्या फाळक्यातून वर येणारा प्रत्येक नग मोजायचा. स्लिंगमध्ये, म्हणजे माल उचलायच्या दोराच्या झोळीत, किती गोणी, कुठल्या मार्क्याच्या, फाटलेल्या किती, ओल्या किती. जहाजाचा एक मोजणारा, धक्क्याचा एक मोजणारा, आणि पाळी संपताना दोघांचे आकडे जुळायला हवेत. जुळले नाहीत तर घरी जायचं नाही. बाबा पाच-पाचच्या रेघा मारायचे, चार उभ्या आणि एक आडवी. अजूनही किराणा आला की पावतीच्या मागे तशाच रेघा मारतात. त्यांचं वय आता ऐंशीच्या घरात आहे. कालचं जेवण आठवत नाही, पण कोणत्या शेडला कुठल्या देशाची जहाजं लागायची ते सांगतात. कापसाच्या गाठी कुठे, खजूर कुठे, आफ्रिकेचे कच्चे काजू कुठे. खजुराच्या दिवसांत त्यांच्या सदऱ्याला येणारा चिकट गोड वास मला आठवतो. आई तो सदरा वेगळा भिजवायची, कारण मुंग्या यायच्या.

गोदीला दरवाजे रंगांच्या नावांनी होते. यलो गेट, ग्रीन गेट, ऑरेंज गेट, रेड गेट. लिहिता-वाचता न येणाऱ्या हमालालाही कुठे जायचं ते कळायचं. "आज ग्रीनला आहे" एवढं बाबांनी सांगितलं की आईला कळायचं यायला उशीर होणार की नाही. यलो गेट हे नाव आज पोलीस ठाण्यामुळे टिकलं आहे, ऑरेंज गेट हे नाव आता मरीन ड्राइव्हपर्यंत खणल्या जाणाऱ्या बोगद्यामुळे पेपरात येतं. कुणी ठरवून जपलं नाही, तरी नावं राहिली. माणसांच्या तोंडी बसलेलं नाव कागदावरच्या नावापेक्षा चिवट असतं. भाऊच्या धक्क्याचंच बघा. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य म्हणजे भाऊंनी १८४१ मध्ये बांधलेला धक्का ज्या ठिकाणी होता तिथे आजचा धक्का नाही. लाँचा हलल्या, माणसं हलली, आणि नाव त्यांच्यासोबत नव्या जागी आलं.

आजोबांचं गोदीतलं आयुष्य बाबांपेक्षा कष्टाचं होतं. राजापूर तालुक्यातून आलेले, मशीद बंदरला गाववाल्यांच्या गाळ्यात राहायचे. पंधरा-वीस माणसांत एक खोली. दिवसपाळीवाले रात्री झोपायचे, रात्रपाळीवाले दिवसा. टोळीत नाव लागलं तर काम, नाही तर टोळीवाल्याची मर्जी सांभाळत दुसऱ्या दिवसाची वाट बघायची. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला आणि त्यानंतर हळूहळू नोंदणी, पाळी, हजेरी असं काहीतरी नियमाने सुरू झालं. आजोबांचा पितळी बिल्ला आमच्याकडे आहे. त्यावरचा नंबर बोटांनी घासून जवळपास पुसला गेला आहे.

१४ एप्रिल १९४४ ला आजोबा अलेक्झांड्रा डॉकमध्ये कामावर होते. व्हिक्टोरिया डॉकच्या एक नंबरच्या धक्क्याला फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज लागलेलं होतं. ते इंग्लंडहून बर्कनहेड बंदरातून निघून कराचीमार्गे आलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कराचीला चढवलेल्या हजारो कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. दुपारी कापसाने पेट घेतला. आग विझवायला अग्निशमन दलाचे बंब आले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होता. सिमल्याच्या भूकंपमापकावर या स्फोटांची नोंद झाली. शेजारचं जलपद्मा जहाज पाण्यातून उचललं जाऊन धक्क्यावर येऊन पडलं. जळत्या गाठी मांडवी-मशीद बंदरच्या छपरांवर पडल्या. आजोबांचा गाळा जळाला, त्यातली ट्रंक गेली, गावाला पाठवायला साठवलेले पैसे गेले. ते स्वतः दोन दिवसांनी परळला एका नातेवाइकाकडे पोचले. मधल्या दोन दिवसांबद्दल ते कधीच बोलले नाहीत. आजीने विचारलं तरी नाही.

या स्फोटाची गोष्ट निघाली की लोक सोन्याच्या विटांकडे वळतात. कुणाच्या छपरातून वीट पडली, गाळात अजून किती असतील. मला हे फार खटकतं. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. जहाज फुटू शकतं याची कल्पना असलेली माणसं तिथे होती, तरी बंबवाले धक्क्यावरून हलले नाहीत. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यामुळे. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. मेलेल्या हमालांचा मात्र पक्का आकडासुद्धा नाही. एकूण मृतांचा अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत जातो. हा फरक मुख्यतः गोदीतल्या आणि आसपासच्या गरीब माणसांचा आहे, ज्यांची नावं कुठल्याच हजेरीपटावर नव्हती. गोण्या मोजायला दोन-दोन माणसं होती.

व्हिक्टोरिया डॉक दुरुस्त झाली, पुन्हा चालली, आणि साठ वर्षांनी बुजवली गेली. एवढा मोठा स्फोट जिथे झाला, ते पाणीच आता नाही.

जहाज जिथून निघालं त्या बर्कनहेडच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर लिव्हरपूल आहे. भाचीचं घर तिथे आहे म्हणून माझं जाणं झालं. नदीच्या मुखावरचं बंदर, भरती-ओहोटीचा फरक आपल्यापेक्षाही मोठा, म्हणून तिथेही दरवाज्यांच्या गोद्या. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं तेव्हा तिथला कापूस बंद झाला, आणि मुंबईचा कापूस लँकेशरच्या गिरण्यांसाठी लिव्हरपूललाच उतरायचा. त्या पैशावर मुंबईत काय काय उभं राहिलं ते आपण फोर्टमध्ये रोज बघतो. म्हणून मला ते शहर परकं वाटलंच नाही. अल्बर्ट डॉकच्या धक्क्यावर मी तासन्‌तास बसले. जेसी हार्टली नावाच्या इंजिनियरने बांधलेली, १८४६ ची गोदी. आग लागू नये म्हणून वखारींत लाकूड वापरलंच नाही, सगळं वीट, दगड आणि बिडाचे खांब. १९७२ मध्ये ती बंद पडली तेव्हा आत गाळ साचला होता. पाडायचे, बुजवायचे बेत झाले. शेवटी गाळ काढला, पाणी परत आणलं, आणि १९८८ मध्ये ती पुन्हा उघडली. आता एका वखारीत बंदराचं संग्रहालय आहे.

त्याच शहराने नंतर उलटंही केलं. २००४ मध्ये लिव्हरपूलच्या बंदर-भागाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला होता. त्याच वर्षी आपल्या छत्रपती शिवाजी टर्मिनसलाही मिळाला. २०२१ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलचा दर्जा काढून घेतला. नदीकाठची नवी बांधकामं आणि ब्रॅमली-मूर ही जुनी गोदी भरून तिथे उभं राहणारं फुटबॉलचं मैदान ही त्यामागची कारणं होती. भाचीच्या शेजारच्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मैदान आलं, कामं आली, पडक्या भागात माणसं आली. त्यांचं म्हणणं मी नाकारत नाही. पडक्या गोदीकाठी राहणाऱ्याला पोट असतं. पण त्यांच्याकडे बुजवण्याआधी वर्षानुवर्षं जाहीर वाद झाला, नकाशे लोकांसमोर आले, कोण कशाच्या बाजूने आहे ते कळलं. दगडाच्या भिंती भरावाखाली तशाच ठेवल्या गेल्या. असा वाद आपल्याकडे व्हायला हवा होता.

आपल्याकडे वारसा जपण्याचा नियम नाही असं नाही. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा-नियमावली आली. देशात अशी ती पहिली. श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब, तीन. त्यामुळे कितीतरी इमारती वाचल्या, माझं पोटही त्यावरच चालतं. पण श्रेणी ठरवताना डोळा जातो तो दर्शनी भागाकडे: कमानी, कोरीव काम, मनोरा. गोदीला दर्शनी भाग नसतो. दगडी तळ, दरवाजे, पाण्याची पातळी, रूळ, यारी, लांबच लांब शेड, सगळं मिळून ते एक यंत्र असतं. त्यातला एक मनोरा ठेवून बाकी बुजवलं तर ते यंत्र कसं चालायचं हे कुणालाच कळत नाही. बॅलार्ड इस्टेट आपण सुंदर म्हणून दाखवतो. जॉर्ज विटेटने आखलेली, एका उंचीची, एका रंगाच्या दगडाची. ती उभी आहे अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीवर. इमारती आणि गोदी ही एकाच कामाची दोन टोकं आहेत, आणि आपण त्यातलं एकच टोक बघतो.

काही वर्षांपूर्वी मी एका जुन्या वखारीचं मापन करत होते. ठिकाण सांगत नाही. बिडाच्या खांबांवर पांढऱ्या रंगात अक्षरं आणि आकडे होते, थरावर थर चढलेले. बाबांना फोटो दाखवला, त्यांनी लगेच वाचून दाखवलं: हा गाळा क्रमांक, ही मालाची रांग, हा बाण म्हणजे कस्टमने अडकवलेला माल. धक्क्याच्या दगडांच्या कडांना दोरखंड घासून पडलेले चर होते, चार बोटं खोल. एवढा चर पडायला किती जहाजं बांधली-सोडली गेली असतील! नूतनीकरण करणाऱ्यांनी खांबांवर वाळूचा मारा केला, ते चकचकीत काळे रंगवले, आणि चर पडलेले दगड 'खराब' म्हणून बदलले. मी लेखी हरकत घेतली होती. माझ्याकडे आता त्या खांबांची मापं आणि फोटो आहेत, तिथे काहीही नाही.

न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, माल कंटेनरच्या पेट्यांत बंद झाला, आणि पेटी उघडते ती बंदरापासून लांब कुठेतरी. त्यामुळे शेड नको झाल्या, टोळ्या नको झाल्या, मोजणारेही नको झाले. याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, हमालाच्या पाठीवरचं ओझं उतरलं हे चांगलंच झालं. १९१५ पासून चालत असलेली बंदराची रेल्वे बंद झाली. आता शिवडीपासून कुलाब्यापर्यंत बंदराच्या मालकीची सुमारे १,८०० एकर जमीन आहे, आणि शहरातली एवढी मोठी मोकळी होणारी जागा दुसरी नाही. तिथे बागा, समुद्रपर्यटनाची टर्मिनलं, रस्ते, इमारती होणार. झाल्याच पाहिजेत. भिंत पडून मुंबईकराला पूर्वेचा समुद्र दिसला तर मला आनंदच आहे. फक्त इंदिरा डॉकचं पाणी पाणीच राहू दे. दारूखाना, लकडी बंदर, 'हे' बंदर (इंग्रजी 'हे', म्हणजे वाळलेलं गवत), कोळसा बंदर ही नावं नव्या रस्त्यांना मिळू देत. आणि कुठलीही शेड पाडण्याआधी तिची मापं, फोटो आणि तिथे काम केलेल्या दोन माणसांचं बोलणं नोंदवलं जाऊन लोकांसाठी खुलं राहू दे. यातल्या शेवटच्या गोष्टीला तर पैसाही फारसा लागत नाही.

तिसरं काम मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. रविवारी सकाळी बाबांसमोर जुना नकाशा पसरते आणि फोन रेकॉर्डिंगला लावते. प्रश्न मोघम विचारला की उत्तरही मोघम येतं. "गोदी कशी होती?" याला ते "चांगली होती" म्हणतात. "चौदा नंबरला रात्रपाळीला चहा कोण आणायचा?" असं विचारलं की तासभर बोलतात. वडाळ्याच्या आमच्या जुन्या वसाहतीतले त्यांचे दोन मित्रही आता येऊन बसतात. एक विंचमन होते, म्हणजे माल उचलणारं यंत्र चालवणारे, आणि एक बंदराच्या रेल्वेत डबे जोडणारे-हलवणारे शंटर. तिघांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा भांडतात, आणि त्या भांडणातच सगळ्यात जास्त माहिती मिळते.

तुमच्या घरी कुणी गोदीत, बंदराच्या रेल्वेत, लाँचवर, कॉटन ग्रीनच्या वखारींत काम केलेलं असेल, तर बिल्ला, पास, पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती, टोळीचा फोटो, काहीही असेल ते शोधा. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल, मागची बाजूही काढा, कारण नावं आणि तारखा मागेच लिहिलेल्या असतात. फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे आत्ताच विचारून घ्या. बिल्ला घासूनपुसून चकचकीत करू नका, नंबर जाईल. मला पाठवलंत तर मी जागेनुसार, शेडनुसार लावून ठेवते आहे. कुणाला स्वतःकडेच ठेवायचं असेल तर तेही उत्तम, फक्त दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा.